तुम आणि तुम्ही

फौजेत हुकुमावरून भांडण होत नाही. हुकूम कोणत्याही आवाजात आला तरी पाळायचाच असतो. भानगड होते ती विनंतीवरून. आपल्याच बरोबरीच्या किंवा थोड्या वरच्या माणसाकडे काही मागायचं असतं, हिंदीत मागायचं असतं, आणि ती हिंदी प्रत्येकानं आपापल्या गावाहून आणलेली असते. मद्रासी पोरगा 'गाडी आ गया' म्हणाला तर सगळे हसतात, कुणाला राग येत नाही. पण एका सर्वनामावरून किती राग येतो, ते मी द्रासच्या एका हिवाळ्यात पाहिलं.

द्रास सुमारे 10,800 फुटांवर. आमची चौकी त्याच्याही वर. तेव्हा बर्फ पडून झोजिला बंद झाला की वसंतापर्यंत जे काही लागणार, ते आधीच स्टोअरमध्ये भरून ठेवलेलं असायचं. त्यामुळे स्टोअरवाला माणूस जपूनच द्यायचा, आणि द्यायलाही तसंच हवं. त्या वर्षी खालच्या तळावर स्टोअरला एक हवालदार नवीन आले होते. लखनौजवळच्या गावचे, लहान पोरालाही 'आप' म्हणणारे. वर आमच्या सिग्नल डिटॅचमेंटमध्ये कोल्हापूरकडचा एक नाईक होता. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. जे काही बोलणं व्हायचं ते हँडल फिरवायच्या फील्ड टेलिफोनवर.

नाईक फोनवर म्हणायचा, "उस्ताद, तुम दो बैटरी भेजो की जरा. आज ही होना."

मराठी माणसाला यात काय खटकणार? त्याच्या डोक्यात वाक्य होतं, 'तुम्ही दोन बॅटऱ्या पाठवा की जरा, आजच पाहिजेत.' मान 'तुम्ही'त आहे, 'पाठवा'त आहे, आणि लाडीगोडी त्या 'की जरा'त. पण हिंदीत जाताना 'तुम्ही'चं 'तुम' झालं, 'पाठवा'चं 'भेजो' झालं, दोन्ही एकेक पायरी खाली उतरले. 'की'ला तर हिंदीत काही अर्थच उरला नाही. राहिलं ते 'आज ही होना'. समोर असता तर त्याचं हसू दिसलं असतं. तारेतून हसू जात नाही.

हवालदारांनी एका शब्दानं तक्रार केली नाही. फक्त कागद मागायला लागले. इंडेंट पाठवा. इंडेंटवर सही नाही, परत. संख्या अक्षरात लिहिलेली नाही, परत. नियमानं सगळं बरोबर.

थंडीत बॅटरी किती लवकर बसते हे सिग्नलवाल्यांना सांगायला नको. आम्ही बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घेऊन झोपायचो. जानेवारीत एका दुपारी बर्फ घसरून लाइन तुटली. चार जणांची लाइन पार्टी एक सेट घेऊन निघाली. जादा बॅटरी नव्हती. तिचं इंडेंट दोन दिवसांपूर्वीच सहीसाठी परत आलं होतं. तासाभरात सेट गप्प झाला. पुढचे दोन तास बर्फ पडत होता, मी सेटपाशी बसून दर पाच मिनिटांनी हाक मारत होतो, आणि नाईक बाहेर उभा राहून उताराकडे बघत होता. पार्टी परत आली, पण एका पोराच्या पायाची दोन बोटं पांढरी पडली होती. नर्सिंग असिस्टंटनं कोमट पाण्यात पाय धरून ती वाचवली.

दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन हवालदारांना भेटलो. ते आधी गप्प बसले, मग म्हणाले, "वह लड़का मुझे नौकर समझता है. बीस साल की सर्विस में किसी जूनियर ने मुझे तुम नहीं कहा." मी मराठीतलं 'तुम्ही' समजावून सांगितलं. त्यांना पटलं नाही. "आप भी तो मराठा हैं, उसको बचाएँगे ही." यावर काय बोलणार?

पटलं ते महिनाभरानं. घरी बोलायला सॅटेलाइट फोन तळावर होता, आणि नंबर लागला की मागच्या रांगेला सगळं ऐकू यायचं. नाईक खाली उतरला होता. वडिलांशी बोलत होता : "तुम्ही जेवला का? तुम्ही औषध घेताय न्हवं?" मागे हवालदार उभे. फोन झाल्यावर त्यांनी विचारलं, "किससे बात कर रहे थे?"

"पिताजी से, उस्ताद."

"बाप को तुम बोलते हो?"

"और क्या बोलेगा?" नाईक गोंधळून म्हणाला. त्याला बिचाऱ्याला यातलं काही माहीतच नव्हतं. मी मुद्दामच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो फोनवर बोलायचाच बंद झाला असता.

हवालदार त्याला लंगरात घेऊन गेले, चहा पाजला. बॅटऱ्या त्यानंतर वेळेवर येऊ लागल्या. कागद मात्र लागायचाच. फोन उचलला की हवालदार स्वतःच विचारायचे, "कहिए नाईक साहब, आज ही होना क्या?" आणि आमचा नाईक 'आप'च्या इतका नादी लागला की चौकीवरच्या कुत्र्यालाही "आप बाहर बैठिए" म्हणायचा.

एक गोष्ट हवालदारांना शेवटपर्यंत झेपली नाही. त्याच फोनवर नाईक पुढं आईशी बोलला होता, आणि तिला सरळ 'तू' म्हणाला होता.