हिंगण्याची झोपडी आणि टोकियोची शाळा

माझी धाकटी बहीण पुण्यात उर्दू शाळेत शिकवते. परदेशातल्या शाळा पाहायला जाणाऱ्या शिक्षकांच्या गटात यंदा तिची निवड झाली. घरात पेढे वाटले गेले आणि दुसऱ्याच दिवशी कुरकूर सुरू झाली. "तीन आठवडे मुलांना कोण सांभाळणार? आणि तिकडच्या शाळा पाहून इथे काय फरक पडणार?" पहिल्या प्रश्नाचा निकाल तिच्या सासूबाईंनीच लावला, "मी आहे ना घरात!" दुसरा प्रश्न मात्र बहिणीच्याच मनात रुतून बसला. म्हणून एका सकाळी मी तिला कर्वेनगरला घेऊन गेले.

कर्वे रस्त्यावरची वाहनांची गर्दी पाहताना खरे वाटत नाही, पण १९०० साली हे हिंगणे गावाजवळचे माळरान होते. धोंडो केशव कर्वे यांनी विधवांच्या आश्रमासाठी इथे झोपडी उभारली. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे आणि मग पायी हिंगण्याला यायचे, असा त्यांचा क्रम. संस्थेच्या आवारात ती झोपडी जपून ठेवली आहे. भोवती मोठमोठ्या इमारती, मुलींची लगबग, आणि मध्ये ती साधीशी झोपडी.

तिथेच उभी राहून मी बहिणीला पुढची गोष्ट सांगितली. कर्व्यांच्या हाती जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली. टोकियोचे ते विद्यापीठ १९०१ साली जिन्झो नारुसे यांनी स्थापले होते. त्याआधी नारुसे स्वतः अमेरिकेत राहून तिथले स्त्रीशिक्षण पाहून आले होते. कर्व्यांनी पुस्तिका वाचली आणि १९१६ साली हिंगण्यात महिला विद्यापीठ सुरू केले. कॉलेजच्या पहिल्या वर्गात मुली होत्या पाच! शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा एक विषय, शिवाय आरोग्य आणि गृहव्यवस्था. तेच पुढे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झाले.

"म्हणजे न जाताच शिकले की!" बहीण म्हणाली.

"गेलेसुद्धा. १९२९ साली, सत्तरीत."

त्या प्रवासात ते युरोपातल्या शिक्षण परिषदांना हजर राहिले, अमेरिका पाहिली आणि ज्या विद्यापीठाबद्दल नुसते वाचले होते, ते जपानमध्ये जाऊन डोळ्यांनी पाहिले. जाताना हात मात्र रिकामे नव्हते. हिंगण्याचा अनुभव त्यांनी तिकडच्या लोकांना सांगितला. घेणे आणि देणे दोन्ही झाले.

सगळेच जसेच्या तसे उचलावे असे नाही. गृहव्यवस्था फक्त मुलींनीच का शिकावी, हा प्रश्न आज आपण विचारूच. जपानमध्ये आता मुलगेही शाळेत स्वयंपाक आणि शिवण शिकतात. दुसऱ्याची शाळा पाहताना डोळे उघडे हवेत आणि आपल्या वर्गातली मुलेही समोर दिसायला हवीत.

परतताना बहीण रिक्षात गप्प होती. मग पर्समधून वही काढून तिने पानावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिले, 'काय पाहायचे'. दुसऱ्या बाजूला, 'काय सांगायचे'.

"आपा," ती म्हणाली, "ही दुसरी बाजू आधी भरते."