हसण्याचे माप

विनोदी चित्रपट हा हलका विषय समजला जातो. गंभीर चित्रपटांची चर्चा होते, त्यांच्यावर लेख लिहिले जातात. विनोदी चित्रपट मात्र पाहावा, हसावे आणि विसरून जावे, अशी रीत आहे. तथापि घराघरांत वर्षानुवर्षे पुनःपुन्हा पाहिला जातो तो विनोदी चित्रपटच. सणाच्या दुपारी, लग्नघरी पाहुणे जमले असता, आजारातून उठणाऱ्या माणसाच्या उशाशी तोच लावला जातो. आजोबा, सून आणि नातवंडे ज्या एका गोष्टीवर एकाच वेळी हसतात, अशा गोष्टी घरात आता फार थोड्या उरल्या आहेत. असे असूनही, घरी आलेली चित्रपटाची प्रत कशी आहे, याची पारख क्वचितच होते. धान्याचा दाणा, कापडाचा पोत आणि सोन्याचा कस ओळखणारी व्यापारी कुटुंबेही या एका मालाच्या बाबतीत मात्र बहुधा डोळे मिटून घेतात.

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रदेशातील माणसाला विनोदाची पारख शिकवावी लागत नाही. धानाची कापणी-मळणी उरकली की या भागात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे या रंगभूमीचे केंद्र. गावोगावी मंडप पडतात, रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते आणि थंडीत घोंगडी पांघरून बसलेला प्रेक्षक विनोदी नटाची परीक्षा तिथल्या तिथे घेतो. हशा आला नाही तर नटाला ते लगेच कळते. आला तर तो ओसरेपर्यंत नट थांबतो आणि मगच पुढचे वाक्य टाकतो. गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ विनोदी नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या पारखी प्रेक्षकाचाही एक प्रकारे गौरवच झाला.

चित्रपटाचे तसे नाही. त्यातील थांबा, नजर आणि ठसका एकदाच घडतो आणि कायमचा ठरून जातो. त्यात बदल करता येत नाही. करता येते ती फक्त हानी. घरगुती प्रतीचा विचार येथून सुरू होतो.

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. त्याच वर्षी देशात रंगीत दूरदर्शन आले, दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या आणि मध्यमवर्गीय घरांत व्हीसीआर या यंत्राचे नाव ऐकू येऊ लागले. पुढे तालुक्याच्या गावांत टीव्ही, व्हीसीआर आणि कॅसेटा एका रात्रीच्या भाड्याने मिळू लागल्या. ‘धूमधडाका’ (1985), ‘गंमत जंमत’ (1987), ‘अशी ही बनवाबनवी’ (1988), ‘थरथराट’ (1989) हे चित्रपट अनेक घरांनी प्रथम पाहिले ते थिएटरात नव्हे, तर ओसरीवर मांडलेल्या भाड्याच्या टीव्हीवर. कॅसेटांच्या मागोमाग व्हीसीडी आली, मग डीव्हीडी, आणि आता मोबाइल.

नागभीडकडील धानाच्या एका व्यापाऱ्याच्या घरी या सर्व काळाचा माल एका लाकडी पेटीत साठला होता. घरात त्यांना बाबूजी म्हणत. दुकानात पोते उघडण्यापूर्वी सळई खुपसून नमुना पाहायचा, हा त्यांचा आयुष्यभराचा परिपाठ. एके वर्षी दिवाळीच्या साफसफाईत सुनेने विचारले, “बाबूजी, ही पेटी आता भंगारात देऊ का? सगळे सिनेमे मोबाइलवर मिळतात.” बाबूजींनी नाही म्हटले नाही आणि होही म्हटले नाही. “आधी माल पाहू, मग ठरवू,” एवढेच ते म्हणाले. आणि नातीला हाताशी घेऊन त्यांनी त्या पेटीची छाननी आरंभली. कसोट्या तीनच होत्या, दुकानातल्याच: माप पुरे आहे काय, पोत शाबूत आहे काय, आणि माल आला कुठून.

पहिली कसोटी मापाची. फिल्मच्या काळात चित्रपटाच्या आरंभी दिसणाऱ्या सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर चित्रपटाची लांबी मीटरमध्ये लिहिलेली असे. 35 मिलिमीटरची फिल्म एका मिनिटाला सुमारे 27.4 मीटर धावते. तेव्हा मीटरच्या आकड्याला 27.4 ने भागले की मूळ चित्रपट किती मिनिटांचा, हे कळते. प्रतीची मिनिटे त्याच्याशी ताडून पाहावीत. येथे न्यायाने एक सूट द्यावी लागते. फिल्म सेकंदाला 24 चित्रे दाखवते, तर आपल्याकडील टीव्हीची पद्धत 25 चित्रांची. त्यामुळे 150 मिनिटांचा चित्रपट एकही दृश्य न कापता 144 मिनिटांत संपू शकतो. ही सहा मिनिटे चोरीला गेलेली नसतात. ती केवळ वेगाची घट होय. परंतु वीस-पंचवीस मिनिटे कमी भरली, तर कोणीतरी कात्री चालवली आहे, हे निश्चित समजावे.

कात्री चालते ती बहुधा विनोदावर. कथा कळण्यासाठी लागणारी दृश्ये ठेवली जातात. ज्यांच्यावाचून कथा अडत नाही, ती गाळली जातात. आणि विनोदी चित्रपटाचा जीव बहुधा त्या न अडणाऱ्या दृश्यांतच असतो. दारात उगाच रेंगाळणारा पाहुणा, दोनदा विचारलेला तोच प्रश्न, उत्तरापूर्वीची ती स्तब्धता, हे सारे कापणाऱ्याला पोचट धानासारखे वाटते. गाळल्यावर जे उरते ते कथेचे टरफल.

व्हीसीडीने आणखी एक घोटाळा केला. एका तबकडीवर सुमारे 74 मिनिटांचेच चित्र मावते. म्हणून अडीच तासांचा चित्रपट दोन तबकड्यांवर विभागावा लागतो. मूळ मध्यंतर कुठे आहे, याचा विचार न करता जागा संपली तेथे पहिली तबकडी थांबवली, तर एखाद्या विनोदाची सुरुवात एकीत आणि शेवट दुसरीत जातो. तबकडी बदलेपर्यंत हशा थंड होतो. ज्या प्रतींत मध्यंतराचा मान राखून विभागणी केली आहे, त्या बाबूजींनी बाजूला काढून ठेवल्या.

दुसरी कसोटी पोताची. व्हीसीडीचे चित्र 352 गुणिले 288 ठिपक्यांचे, तर डीव्हीडीचे 720 गुणिले 576 ठिपक्यांचे. म्हणजे चौपटीहून थोडे अधिक. लढाईच्या वा नाचगाण्याच्या दृश्यात हा फरक एक वेळ खपून जातो. विनोदात खपत नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ हा 1966 च्या ‘बीवी और मकान’ या हिंदी चित्रपटावर बेतलेला. वसंत सबनीस यांचे लेखन आणि सचिन पिळगावकर यांचे दिग्दर्शन. घर मिळावे म्हणून चौघांपैकी दोघे बायकांचे सोंग घेतात आणि पुढे प्रत्येक प्रसंगी एक जण बोलत असता उरलेले तिघे आपापली भीती लपवत असतात. हसू येते ते बोलणाऱ्यापेक्षा त्या तिघांच्या चेहऱ्यांमुळे. पुसट प्रतीत ते चेहरे केवळ डाग होतात. संवाद ऐकू येतात, पण प्रसंग दिसत नाही.

चौकटीचेही तसेच. महेश कोठारे यांचा ‘धडाकेबाज’ (1990) हा सिनेमास्कोपमध्ये निघालेला पहिला मराठी चित्रपट मानला जातो. त्यात लक्ष्मीकांत बेर्डे यांची दुहेरी भूमिका आहे. सिनेमास्कोपची चौकट उंचीच्या सुमारे 2.35 पट रुंद, तर जुन्या टीव्हीचा पडदा 1.33 पट. असे चित्र जुन्या टीव्हीवर कडेपर्यंत भरून दाखवायचे, तर 100 पैकी सुमारे 43 भाग बाहेर टाकावा लागतो. वर-खाली काळ्या पट्ट्या असलेली प्रत पाहून घरोघरी तक्रार होत असे की पडदा वाया जातो. वास्तविक पट्ट्या असलेली प्रत पुरे चित्र देते आणि पडदा भरणारी प्रत जवळजवळ निम्मे चित्र कापून देते. पोते फुगीर दिसते म्हणून वजन जास्त असत नाही, हे सांगण्याची गरज व्यापाऱ्यास नसावी.

आवाजाकडे तर कुणाचेच लक्ष नसते. ‘धूमधडाका’मध्ये अशोक सराफ यांनी पाइप ओढताना घशातून काढलेला तो चमत्कारिक उद्गार महाराष्ट्रभर लोकांच्या तोंडी झाला. तो शब्द नव्हे, निव्वळ आवाज आहे. प्रतीत घरघर असेल, तर त्या उद्गारात आणि यंत्राच्या बिघाडात फरक उरत नाही.

तिसरी कसोटी मुळाची. 1984 साली कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार व्हिडिओ प्रतीवर आणि तिच्या वेष्टनावर सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची प्रत, प्रत काढणाऱ्याचे नाव-पत्ता, त्याने परवानगी घेतल्याचे निवेदन आणि हक्कधारकाचे नाव-पत्ता असणे आवश्यक आहे. किराणा मालाच्या पुड्यावर उत्पादक आणि वजन पाहणारा ग्राहक ही चार ओळींची नोंद मात्र कधी वाचत नाही. बाबूजींच्या पेटीत निम्म्याहून अधिक तबकड्या अशा निघाल्या, की त्यांच्यावर शाईच्या पेनाने लिहिलेल्या नावाखेरीज काहीच नव्हते. आठवडी बाजारात मिळाल्या, स्वस्त होत्या, घेतल्या.

स्वस्ताईची सबब एके काळी समजण्यासारखी होती. परंतु 2007 च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना बाजारात आणली, तेव्हा ती सबबही उरली नाही. चोरटी प्रत आणि खरी प्रत यांच्या किमतीत चहाच्या दोन कपांएवढाच फरक राहिला. तरीही लोक चोरटी घेत राहिले. कारण ती चोरी आहे, असे कुणाला वाटतच नव्हते. अचौर्याचा अर्थ ज्या घरांत लहानपणापासून सांगितला जातो, तेथेही ती पेटी तशीच भरत गेली. नातीने सरळ विचारले, “आजोबा, हे आपण दुकानात चालू दिले असते का?” बाबूजींनी उत्तर दिले नाही, त्या तबकड्यांचा ढीग मात्र त्यांनी उंबऱ्याबाहेर सरकवला.

मग मोबाइलवर सगळे मिळतेच, या सुनेच्या म्हणण्याचे काय? ते बरेचसे खरे आहे. अधिकृत ठिकाणी पैसे भरून पाहिलेला चित्रपट पुष्कळदा तबकडीहून स्वच्छ असतो. मात्र तो भाड्याचा असतो, मालकीचा नव्हे. करार संपला की तो एके दिवशी यादीतून नाहीसा होतो. शिवाय या प्रदेशाची अडचण निराळी. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो. अशा दिवसांत नेटवर्कच्या भरवशावर राहणाऱ्या घरात मुले कंटाळतात आणि ज्याच्याकडे एक चालू यंत्र व चार चांगल्या तबकड्या आहेत, त्याच्या घरी शेजार जमतो. 2013 चा ‘झपाटलेला 2’ त्रिमितीत निघाला होता. साध्या टीव्हीवर ती तिसरी मिती नाहीशी होते. एवढी हानी सोसूनही पावसाच्या रात्री तात्या विंचू मुलांना जागे ठेवतो, ही गोष्ट लहान नाही.

पेटीच्या तळाशी एक कॅसेट निघाली. तिला वेष्टन नव्हते. गावात झालेल्या एका विनोदी नाटकाचे ते चित्रीकरण होते, मंडळींना विचारून केलेले. वनप्रदेशातील दमट पावसाळे आणि कडक उन्हाळे सोसून फितीवर बुरशी धरली होती. चित्र थरथरत होते, रंग उडाले होते. पोताच्या कसोटीवर ती साफ नापास. परंतु तिचे मूळ चोख होते आणि माप पुरे होते, कारण नटांच्या वाक्यांबरोबर मंडपातील हशाही तिच्यात उतरला होता. त्या हशात आता हयात नसलेली कितीतरी माणसे होती. नातीला एक हसू ओळखू आले नाही, बाबूजींना आले. ते त्यांच्या वडील बंधूंचे होते.

त्या घराने ती फीत नागपूरला पाठवून तिची नवी प्रत करवून घेतली. गाजलेल्या चित्रपटांच्या मूळ प्रती कोठेतरी जपल्या जाण्याची आशा असते. पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. गावच्या मंडपातील हशासाठी मात्र असे संग्रहालय नाही. ज्या घरात तो असेल, त्यानेच तो जपावयाचा.

प्रत्येक कुटुंबाने आपली पेटी एकदा अशी तपासून पाहावी. पुऱ्या मापाच्या, चांगल्या पोताच्या आणि खऱ्या मुळाच्या प्रती उभ्या रचून, उन्हापासून व ओलीपासून दूर ठेवाव्यात. चोरट्या प्रती घराबाहेर काढाव्यात. त्यातील चित्रपट आवडता असेल तर तो अधिकृतपणे विकत घ्यावा. घरच्या लग्नाच्या, मुंजीच्या वा गावच्या नाटकाच्या फितींची नवी प्रत मात्र याच वर्षी करून घ्यावी, कारण त्या वाजवणारी यंत्रे झपाट्याने नाहीशी होत आहेत. या कामास मुलांना सोबत घ्यावे. माप कसे पाहतात हे त्यांना दुकानात बसून जितके शिकता येईल, तितकेच या पेटीजवळ बसूनही शिकता येईल.