वकिलाच्या बैठकीचे माप

वकिलाने आपल्या दारावर पाटी केवढी लावावी, याचा विचार आपल्या नियमकर्त्यांनी केलेला आहे. ती वाजवी आकाराची असावी, आणि आपण अमुक मंडळाचे अध्यक्ष आहोत किंवा होतो असला डौल तीवर मिरवू नये, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम सांगतात. परंतु त्या पाटीच्या मागे असणारी खोली केवढी असावी, याविषयी ते मौन धारण करतात. वास्तविक पाटी एकदाच रंगवावी लागते. खोलीचे भाडे मात्र दर महिन्यास द्यावे लागते.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते माझ्या भाचीमुळे. तिला सनद मिळून दोन वर्षे झाली. आता ती आणि तिचे दोन सहाध्यायी मिळून हिंगोलीस भागीदारीने वकिली करणार आहेत. त्यांनी दोन जागा पाहिल्या होत्या. एक नवी, काचेच्या दाराची, हजार चौरस फुटांची. दुसरी जुनी, साधी, तिच्या निम्म्याने. "मामा, जागा लहान घेतली तर लोक आम्हांला लहान वकील समजतील," असे ती म्हणाली. या म्हणण्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? आजारी माणूस वैद्याच्या पायरीवरच्या जोड्यांची संख्या पाहून आत शिरतो, तसा अडलेला पक्षकारही वकिलाची खुर्ची पाहून धीर धरतो.

आमच्या भागात पूर्वी हा प्रश्नच नव्हता. वाड्याच्या ढाळजेत गादी, लोड आणि उतरती मेजपेटी मांडली की वकिलाची कचेरी सजली. तिला भाडे नव्हते. पक्षकार गावाकडून यायचा, ओट्यावर भाकरी सोडायचा, आणि त्याचा दावा ढाळजेत बसलेल्या सर्वांच्या साक्षीने ऐकला जायचा. त्या बैठकीत ऐसपैसपणा होता. एकांत मात्र नव्हता. 1999 च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस परभणीपासून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला, जिल्ह्याच्या कचेऱ्या आल्या, आणि वकीलही ढाळजेतून उठून भाड्याच्या गाळ्यात आला.

भाचीने कागदावर हिशेब मांडला होता. प्रत्येकास 120 चौरस फुटांची एक, अशा तीन बंद खोल्या, सल्लामसलतीची 150, ग्रंथालय 150, पुढची बैठक 200, उरलेले 140 येण्याजाण्यास. मी तिला एवढेच विचारले, की अकरा वाजता कोर्ट भरल्यावर या तीन खोल्यांत कोण बसणार? तिघेही काळे कोट चढवून न्यायालयात असणार. पक्षकाराशी बोलणे व्हायचे ते सकाळी दोन तास आणि दिवेलागणीनंतर. म्हणजे बंद खोली एकच पुरे. तिघांनी ती पाळीपाळीने वापरावी. तिला 100 चौरस फूट, मोकळ्या दालनात तीन मेजांस 150, बाकांस 120, कारकुनास 40, कपाटांस 60, एकूण 470. ग्रंथालयाची भिंत आता वाचली आहे. नागपूरच्या ऑल इंडिया रिपोर्टरचे 1914 पासूनचे खंड ज्या कपाटांतून ओळीने उभे राहत, त्यांतील निवाडे आज संगणकाच्या पडद्यावर उमटतात.

परंतु दोन ठिकाणी काटकसर करू नये. पहिले ठिकाण म्हणजे पक्षकाराचे बाक. सेनगाव, औंढा, कळमनुरी येथून पहाटेच्या एसटीने निघालेला शेतकरी क्वचितच एकटा येतो. वाटणीचा दावा असला की दोन भाऊ, चुलता, आणि वाटणीशी ज्याचा काहीच संबंध नाही असा एक बोलका शेजारी, एवढा परिवार येतोच. त्यांना सावली, पाणी आणि टेकावयास भिंत हवी. कात्री चालवावयाची ती वकिलाच्या खुर्चीवर चालवावी. दुसरे ठिकाण कपाटांचे. ग्रंथ पडद्यात मावले. दप्तरे मावत नाहीत. आमच्या मराठवाड्यातील जमिनीचे खटले निजामी अमदानीतील उर्दू कागदांवर, 1954 च्या सुमाराच्या खासरा पत्रकावर आणि 1950 च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्यावर अजूनही उभे असतात. पक्षकाराने विश्वासाने ठेवावयास दिलेला मूळ कागद वाळवीपासून सुरक्षित राहील एवढी कोरडी जागा हवीच.

आणि ती एक बंद खोली! तिच्यावाचून मात्र वकिली करू नये, असे मला वाटते. पक्षकाराने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून वकिलाने उघड करू नये, हा दंडक पूर्वीच्या पुराव्याच्या कायद्यात होता आणि 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मध्येही तो कायम आहे. कायद्याने वकिलाचे तोंड बंद केले. पण मधला पडदा जर कापडाचा असेल, तर बाकावरच्या दहा कानांना कोण बंद करणार? पोटगीसाठी आलेली स्त्री त्या पुरुषांसमोर नवऱ्याने दिलेला मार सांगत नाही. ती फक्त "तो नांदवत नाही" एवढेच सांगते. मग अर्जात तेवढेच उतरते, आणि न्याय मागावयाचा तोच मुळी अर्धा मागितला जातो. म्हणून जागेची खालची मर्यादा माझ्या मते ही: एका माणसाला दुसऱ्या एका माणसाशी हलक्या आवाजात खरे बोलता आले पाहिजे.

वरची मर्यादा भाड्याने ठरते, आणि हे भाडे अखेर पक्षकारच भरतो. भाऊबंदकीचे भांडण घेऊन कोणी आला असता "दोघे समोरासमोर बसा आणि मिटवा" असे सांगणे हे कित्येकदा वकिलाचे खरे कर्तव्य असते. महिनाअखेरचे भाडे डोळ्यांसमोर नाचू लागले की ते शब्द घशातच राहतात आणि "दावा लावू" हे शब्द सहज बाहेर पडतात. ज्या जागेचे भाडे भरण्यासाठी नको तो दावा लावावा लागतो, ती जागा कितीही सुंदर असली तरी मोठी झाली असे समजावे.

मोठेपणाचा आणि चौरस फुटांचा संबंध तसा फारसा नाही. अब्राहम लिंकन स्प्रिंगफील्ड येथे वकिली करीत असता महत्त्वाचे कागद आपल्या उंच टोपीत ठेवून हिंडत असत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1923 मध्ये मुंबईस बॅरिस्टरी सुरू केली, तेव्हा त्यांचे बिऱ्हाड परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, दोन खोल्यांत होते. पुढे त्यांनी दादरला 'राजगृह' बांधले, तेही मुख्यतः ग्रंथांना घर मिळावे म्हणून. गरज आधी आली, भिंती मागून आल्या. तीन तरुण वकिलांनीही हाच क्रम पाळला तर काय बिघडेल? काम वाढले की शेजारचा गाळा घेता येतो. परंतु मोठ्या जागेच्या भाड्याने एकदा लागलेली कामाची निकड, जागा सोडली तरी, अंगात खिळून राहते.