पलंगाच्या मधली फट

'डिझाइन पॅटर्न्स' हा शब्द आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या तोंडी सतत असतो, पण तो आला ख्रिस्तोफर अलेक्झांडर या आर्किटेक्टकडून. माणसाला कुठे बसावंसं वाटतं तिथून तो घराचा विचार सुरू करतो. त्यामुळे मी आपोआप त्याच्या पार्टीचा.

गेल्या शनिवारी मात्र पीटर आयझेनमनचं 'हाऊस सिक्स' बघत बसलो. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये १९७२ ते ७५ या काळात बांधलेलं, फ्रँक नवरा-बायकोचं वीकेंड घर. याची पद्धत पार उलटी. चौकटींची एक जाळी घ्यायची, भिंतींचे पडदे सरकवायचे, एकमेकांतून आरपार न्यायचे, प्रत्येक पायरीची आकृती काढायची. कोण कुठे झोपणार वगैरे नंतर बघू! १९७६ साली यानं 'पोस्ट-फंक्शनॅलिझम' नावाचा लेखच लिहिला: वापरावरून आकार ठरवणं ही जुनी सवय आहे, सोडा ती.

मग काय, चढायला हिरवा जिना, आणि दुसरा लाल जिना छताला उलटा. एक खांब वरून येतो आणि जमिनीला टेकतच नाही. बेडरूमच्या जमिनीत काचेची फट, बरोब्बर पलंगाच्या जागी. म्हणजे नवरा-बायको वेगळ्या पलंगांवर!!

च्यायला, यूएटी केली नव्हती का यांनी?

१९८२ मध्ये हार्वर्डला अलेक्झांडर आणि आयझेनमन समोरासमोर भांडले. घरात माणसाला बरं वाटलं पाहिजे, हा अलेक्झांडरचा हट्ट. आयझेनमनला अस्वस्थताही हवी होती. मी अर्थातच अलेक्झांडरच्या बाजूनं टाळ्या वाजवल्या असत्या.

पण सुझान फ्रँकनं १९९४ मध्ये या घरावर पुस्तक लिहिलं. दुरुस्त्यांचा वैताग त्यात आहे, आणि घरावरचं प्रेमही. बाई स्वतः वास्तुकलेच्या इतिहासाच्या अभ्यासक, काय विकत घेतोय हे त्यांना माहीत होतं. इथे माझी गोची झाली.

कारण अशी एक फट मीही ठेवलीय. एका प्रोजेक्टवर डेटा मॉडेल इतकं शुद्ध ठेवलं होतं (अजूनही अभिमान आहे, काय करू) की साधं बिल रद्द करायला काउंटरवरच्या बाईंना तीन स्क्रीन फिरावे लागायचे. फ्रँक मंडळींनी आपण होऊन प्रयोग मागितला होता. या बाईंना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी तक्रारही केली नाही, फक्त रद्द बिलं वहीत लिहून ठेवायला लागल्या. दिवसाच्या शेवटी एकदम भरायच्या.

ती वही मी एकदा बघितली होती. पट्टीनं आखलेले चार रकाने. बास.