मुत्सद्द्याची बाग

इंग्लंडमधील केंट परगण्यांत सिसिंगहर्स्ट नांवाची एक जुनी वास्तु आहे. लोक तिला गढी म्हणतात, पण तटबुरूज शोधूं जाणाऱ्याची निराशाच होते. तांबड्या विटांच्या मनोऱ्यावर आम्ही चढलों, तों खालीं सारी बाग नकाशासारखी पसरलेली दिसली.

ही बाग आंखणारे हॅरल्ड निकल्सन हे पेशानें मुत्सद्दी. जन्म १८८६ चा, तेहरानचा; वडील आर्थर तेथील ब्रिटिश वकिलातींत होते, तेच पुढें लॉर्ड कार्नॉक झाले. मावशी तर आपल्या परिचयाची निघते. १८८५ सालीं ज्यांच्या नांवें हिंदी स्त्रियांच्या औषधोपचारासाठीं निधि उभा राहिला, त्याच ह्या लेडी डफरिन! ४ ऑगस्ट १९१४ च्या रात्रीं जर्मन राजदूताकडे युद्धघोषणेचा खलिता चुकीच्या मजकुराचा गेला, तेव्हां तो बदलून आणण्याचें नाजूक काम ह्याच तरुणावर पडलें.

पत्नी व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट ह्या कवयित्री आणि नोल ह्या विशाल प्रासादाच्या धन्याची एकुलती एक कन्या. जन्म तेथला, १९१३ चा विवाहहि तेथलाच. पण वारसा पुरुषाकडेच जावयाचा! १९२८ सालीं वडील वारले आणि घर व पदवी चुलत्याकडे गेली. हें दुःख आपल्या घरांतील लेकींना समजावून सांगावयास नको. दोनच वर्षांनीं ह्या जोडप्यानें सिसिंगहर्स्ट विकत घेतलें. व्यवहाराच्या दृष्टीनें हा सौदा वेडेपणाचाच होता. सगळीकडे पडझड आणि केरकचरा. परंतु सोळाव्या शतकांत सॅकव्हिल घराण्यांत दिलेली सिसिली बेकर ही ह्याच घरची मुलगी. पित्याचें घर गेलें, तेव्हां व्हिटाबाईंनीं पूर्वजेचें माहेर सोडवून घेतलें, असें आम्हांस वाटतें.

हॅरल्ड यांनीं सरळ वाटा व यू वृक्षांच्या भिंती आंखल्या. बाईंनीं त्या चौकटींत गुलाब मोकाट सोडले. घर मात्र विखुरलेलें. निजावयाचें एका कुटीरांत, जेवण व मुलांच्या खोल्या दुसऱ्या इमारतींत, बाईंचें लेखन मनोऱ्यांत. पावसांत जेवावयास जातांना बाग ओलांडावी लागे. एका छपराखालीं वीस माणसें नांदविणाऱ्या आपल्या गृहिणींस ह्याचें नवल वाटेल. त्या संसारांत वादळेंहि झालीं, तीं धाकटे पुत्र नायजेल यांनीं १९७३ सालीं पुस्तकांत मांडलीं. आईबापांचें सारेंच जगापुढें ठेवावें काय, हा प्रश्न आम्हांस पडतो.

१९३८ पासून एक शिलिंग घेऊन लोकांस आंत सोडूं लागले. व्हिटाबाई १९६२ सालीं वारल्या. राष्ट्रीय न्यासाचें नांव काढलेलें त्यांना खपत नसे. १९६७ सालीं वास्तु त्याच न्यासाकडे गेली. ज्या नोलसाठीं त्या जन्मभर झुरल्या, तें तर त्यांच्या चुलत्यानें १९४६ सालींच तिकडे सोपविलें होतें.