स्वप्नात उमटणारे वस्त्र

फिलिपाईन्सच्या दक्षिणेस, मिंदानाओ बेटाच्या डोंगराळ भागात सेबू सरोवर आहे. त्याच्या परिसरात तिबोली जमातीच्या स्त्रिया ‘तिनालाक’ नावाचे वस्त्र विणतात. त्याचा धागा ना कापसाचा, ना रेशमाचा; केळीच्या कुळातील अबाका झाडापासून तो काढला जातो. दोरखंडाच्या व्यापारात हाच तंतू ‘मनिला हेम्प’ म्हणून प्रसिद्ध आहे. विणून झालेले वस्त्र कवडीने घासले की त्याला झळाळी येते. एकाही कोशकिड्याचा जीव न घेता लाभलेली ही झळाळी जैन घरांना विशेष मोलाची वाटावी.

रंग तीनच : काळा, तांबडा आणि तंतूचा मूळचा पांढरट. पाटणच्या पटोळ्याप्रमाणे येथेही धागे आधी बांधून मग रंगवतात. नक्षी कागदावर नसते. अबाकाची अधिष्ठात्री शक्ती फू दालू ती स्वप्नात दाखवते, अशी श्रद्धा आहे. दुपारच्या उष्म्यात तंतू तुटतो, म्हणून विणकाम गारव्याच्या वेळी चालते. एका वस्त्राला कित्येक महिने लागतात. ते ओलांडणे निषिद्ध मानतात.

लांग दुलाय बाराव्या वर्षी आईकडून ही कला शिकल्या. शंभरएक नक्ष्या त्यांच्या स्मरणात होत्या. १९९२ च्या कायद्याने सुरू झालेला लोककलावंतांचा राष्ट्रीय सन्मान त्यांना १९९८ मध्ये मिळाला. या सन्मानासोबत मासिक मानधन येते आणि विद्या पुढे शिकविण्याचे बंधनही. व्यापारी ग्राहकांच्या पसंतीच्या नव्या नक्ष्या सुचवू लागले (व्यापाऱ्याचा तो स्वभावच), तरी त्यांनी पूर्वापार नक्ष्या सोडल्या नाहीत. २०१५ मध्ये त्या निवर्तल्या. तोवर गावातील मुली त्यांच्याकडे माग चालवायला शिकत होत्या.