मामाची वेबसाइट आणि चुकलेलं गेट

‘तू मास कॉम केलं ना पोरी? मंग आमची एक वेबसाइट बनवून दे!’ मामाने फोनवर ऑर्डरच सोडली. ताडोब्याच्या मोहर्ली गेटजवळ मामाचा होमस्टे आहे. तीन खोल्या, अंगणात मोहाचं झाड आणि मामीच्या हातचा झणझणीत पाटवडी रस्सा!

मी जाम एक्साइट झाले. फुल स्क्रीन ड्रोन व्हिडिओ, बॅकग्राउंडला डरकाळी, ‘अवर स्टोरी’ वगैरे. फ्रेंड्सना दाखवली, सगळे म्हणाले, ‘वॉव!’

पहिलं बुकिंग पुण्याहून आलं. आई-बाबा आणि दोन मुलं. पहाटे निघताना मामाने त्यांचं परमिट पाहिलं, तर ते कोलारा गेटचं! जंगल एकच, पण मोहर्ली दक्षिणेला चंद्रपूरच्या बाजूला आणि कोलारा उत्तरेला चिमूरकडे. बाहेरून वळसा घालून पोहोचेपर्यंत सफारी हुकली. धाकटी रडून रडून झोपली. मामाने खोलीचे पैसे घेतले नाहीत.

वेबसाइटवर गेटचं नाव होतं हो, पण ‘अवर स्टोरी’च्या चौथ्या पॅराग्राफात! त्या रात्री मला झोप लागली नाही. साइट मी मामाच्या गिऱ्हाइकांसाठी नाही, फ्रेंड्सच्या ‘वॉव’साठी बनवली होती.

मग सगळं पाडून टाकलं. मोबाइलला रेंज कमी असली तरी उघडावी म्हणून व्हिडिओ उडवला. सगळ्यात वर मामाचा नंबर आणि मोठ्या अक्षरात एक ओळ : ‘आम्ही मोहर्ली गेटला आहोत. परमिट कोलाऱ्याचं असेल तर इथे राहू नका.’ खाली खोलीचे दर, खऱ्या खोल्यांचे फोटो. मंगळवारी कोअर सफारी बंद, १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद.

‘असं लिहिलं त गिऱ्हाईक पळून जाईल ना बाप्पा!’ मामा वैतागला. पण ‘हमखास व्याघ्रदर्शन’ ही ओळ त्यानेच काढायला लावली. म्हणाला, ‘वाघ काय माझ्या घरचा आहे?’

आता फोन करणारे फक्त एकच विचारतात, ‘तारीख रिकामी आहे का?’ बाकी सगळं त्यांनी आधीच वाचलेलं असतं. फ्रेंड्स मात्र म्हणतात, साइट फारच साधी झालीय यार. असू दे!